शेऱ्याचा रकाना

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत अगदी शेवटी एक रकाना असतो. त्यावर 'शेरा' एवढंच छापलेलं असतं. बाळाचं नाव, आईबापांची नावं, धर्ममातापित्यांची नावं, तारीख, फादरांची सही हे सगळं त्याच दिवशी भरून होतं. शेऱ्याचा रकाना मात्र कोरा राहतो, आणि तो भरायला पंचवीस-तीस वर्षं जातात. कॅथलिक चर्चचा नियम असा, की लग्न जगात कुठेही लागो, जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चला ते कळवायचं आणि तिथल्या वहीत त्या माणसाच्या नावासमोर लग्नाची तारीख, ठिकाण, जोडीदाराचं नाव चढवायचं. त्यामुळे अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या आमच्या चर्चच्या कचेरीत बसून मी मस्कतमधल्या रुवीची, मेलबर्नची, टोरांटोची, टेक्सासमधल्या ह्यूस्टनची लग्नं वहीत चढवली आहेत. माझा स्वतःचा पासपोर्ट अजून निघालेला नाही.

बाहेरचे पाहुणे आले की हमखास विचारतात, "तुमचं चर्च किती वाढलं?" फादर रविवारच्या मिस्सा मोजून दाखवतात: इंग्रजी, मराठी, तमिळ, महिन्यातून एकदा कोकणी. वर्षाअखेरीस धर्मप्रांताला आकड्यांचा तक्ता पाठवायचा असतो, तो मीच भरते. बाप्तिस्मे किती, प्रथम कम्युनियन किती, लग्नं किती, मयत किती, कुटुंबं किती. पहिले चार आकडे मी डोळे मिटून सही करण्याइतके पक्के असतात. कुटुंबांचा आकडा लिहिताना मात्र माझा हात दरवर्षी थोडा अडखळतो. या पट्ट्यात कुटुंब कधी आलं ते कळतं, गेलं ते कळत नाही.

मी मूळची श्रीरामपूर तालुक्यातली. आमच्याकडे ख्रिस्ती घर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात, त्याच गल्लीत. वर्षातून एकदा सप्टेंबरात हरेगावला मातमाऊलीची यात्रा, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रातले पाहुणे भेटायचे, तेवढंच आमचं बाहेरचं जग. लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा चर्चमध्ये माझ्या डावीकडे मंगळूरची बाई, उजवीकडे तिरुनेलवेलीची, पुढे गोव्याचं कुटुंब आणि मागच्या बाकावर झारखंडहून आलेली उरांव मुलं. मराठी मिस्सा सकाळी लवकर असायची आणि तिला आम्ही नगर, जालना, संभाजीनगरकडचे लोक. पुढे कचेरीत माणूस हवा होता, मला टायपिंग येत होतं आणि मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही निभत होत्या, म्हणून मला विचारलं. तमिळ बाया मला 'अक्का' म्हणतात, मल्याळी 'चेची', आणि बाकीचे सगळे 'ऑफिसवाल्या आंटी'. गावाकडून आलेले तेवढे 'ताई' म्हणतात.

इथली माणसं आली ती कारखान्यांमागून. अंबरनाथला विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना १९२०च्या दशकातला, धरमसी मोरारजी केमिकल त्याच काळातली. १९५३ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी आली, मग एमआयडीसी. केरळचा फिटर, मंगळूरचा टायपिस्ट, तमिळनाडूचा वेल्डर यांची पहिली पिढी अशी आली. उल्हासनगरची गोष्ट वेगळी. युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना उतरवलं, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिलं. आजही पत्ता सांगताना तिथला माणूस कॅम्प नंबर सांगतो. तिथल्या छोट्या कारखान्यांत आणि दुकानांत काम करायला बाकीचे लोक आले, त्यांत आमचेही. बदलापूर सगळ्यांत शेवटी भरलं. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती जवळपास पावणेदोन लाख झाली. धारावीतली खोली विकून, सांताक्रूझच्या चाळीतला हिस्सा घेऊन लोक बदलापूरला वन-बीएचके घेत होते आणि पहाटेच्या लोकलने पुन्हा मुंबईलाच कामाला जात होते.

बाहेर 'चर्च वाढतंय' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे धर्मांतर येतं. मी आजवर भरलेल्या वह्यांत मोठ्या माणसांचे बाप्तिस्मे फार थोडे, त्यांतलेही बहुतेक लग्नाआधीचे. आमची वाढ फ्लॅटच्या भावाने झाली. मुंबईत भाव चढला की बदलापुरात आमचे बाक भरतात.

आणि वाढ एका दिशेची नसते. मल्याळी कुटुंबांचंच घ्या. ती आधी आमच्या लॅटिन रीतीच्या चर्चमध्ये नोंदलेली असत. १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सिरो-मलबार रीतीच्या लोकांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन केला, मार पॉल चिट्टिलापिल्ली पहिले बिशप झाले आणि हळूहळू आमच्या वहीतली घरंच्या घरं तिकडे गेली. जुन्या लोकांना ते लागलं. क्वायरचा अर्धा आवाज गेला म्हणायचे. मला त्यात गैर काही वाटत नाही. माणसाने प्रार्थना आपल्या भाषेत आणि आपल्या रीतीनेच करावी. २०२५ मध्ये तोच कल्याण धर्मप्रांत महाधर्मप्रांत झाला. चाकरमान्यांनी उभं केलेलं हे चर्च सदतीस वर्षांत तिथवर पोचलं. याच रीतीचे शिकागो, मेलबर्न, ग्रेट ब्रिटन आणि कॅनडातले धर्मप्रांत त्याच्यानंतरचे आहेत.

कल्याणचं नाव चर्चच्या इतिहासात मात्र फार जुनं. सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की 'कल्लिआना' बंदरात एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक पर्शियातून होते. बरेच अभ्यासक ते बंदर म्हणजे आपलं कल्याणच मानतात. म्हणजे परदेशाशी कागदपत्रांचा व्यवहार आमच्या खाडीला काही नवा नाही.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. इकडे उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्या एकाच रात्री अंगावर आल्या. वालधुनी म्हणजे एरवी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराशेजारून वाहणारा आणि पुढे उल्हासनगरातून रसायनांच्या वासासकट कल्याणकडे जाणारा नाला; लोक विसरूनच गेले होते की ती नदी आहे. आमच्या कचेरीत कंबरभर पाणी शिरलं. नोंदवह्या लोखंडी कपाटात होत्या, आणि सर्वांत जुन्या सर्वांत खालच्या कप्प्यात.

तीन दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा वह्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या. ओढल्या असत्या तर पानं फाटली असती. कपाटाच्या बाजूचे स्क्रू काढून आख्खा कप्पाच बाहेर काढला. मग काम सुरू झालं ते एका निवृत्त सिस्टरांच्या हाताखाली. त्यांनी पूर्वी कॉन्व्हेंटच्या ग्रंथालयात काम केलं होतं. पहिली आज्ञा, उन्हात ठेवायचं नाही; कागद वाकडा होतो आणि पानं एकमेकांना चिकटून बसतात. दुसरी, वर्तमानपत्र घालायचं नाही, शाई उतरते. टीपकागदाचे तुकडे कापून दर आठ-दहा पानांमागे एक घालायचा, ओला झाला की बदलायचा, आणि पंखा वहीवर न मारता खोलीत फिरता ठेवायचा. वीज आली तेव्हा पंख्याचं जमलं, तोवर पुठ्ठ्याने वारा घातला.

तेव्हा मला कळलं की शाईतही फरक असतो. पन्नासच्या दशकातल्या नोंदी लॅटिनमध्ये, निळ्या-काळ्या शाईने, टाकाने लिहिलेल्या होत्या. त्यांना काही झालं नाही, कागद तपकिरी झाला तरी अक्षर जागेवर. सत्तरच्या दशकात कोणीतरी शाळकरी निळी शाई वापरली होती, त्या पानांवर नुसते निळे ढग. बॉलपेनच्या नोंदी टिकल्या. सर्वांत नव्या, जेल पेनने लिहिलेल्या सुंदर नोंदी पार वाहून गेल्या. तेव्हापासून आमच्या कचेरीत जेल पेन येत नाही. फादर बदलून आले की त्यांच्या खिशातलं पेन आधी मी बघते.

पुसलेल्या नोंदी पुन्हा उभ्या करायला घरोघर जावं लागलं. ज्यांच्याकडे जुना दाखला होता त्यांचा घेतला, नव्हता तिथे धर्ममातापित्यांची साक्ष लिहून घेतली. याच फिरण्यात कुटुंबांच्या आकड्याचं खरं रूप दिसलं. वहीत ज्यांचा पत्ता होता त्यांतली कितीतरी घरं बंद, शेजारी सांगत, "ते दुबईला असतात." आणि वहीत नाव नसलेल्या खोल्यांत भिंतीवर मदर मेरीचं चित्र. मदत वाटायला समूहप्रमुख बाया ज्या याद्या घेऊन निघाल्या त्या पहिल्या गल्लीतच निकामी झाल्या. त्यांनी त्या मागे टाकल्या आणि चिखलातून जाताना दार वाजवून नवी यादी केली. रविवारी चर्चमध्ये डोकी मोजून जे कळलं नव्हतं ते त्या आठ-दहा दिवसांत कळलं. आजही आमची कुटुंबांची मूळ वही तीच, बाकी सगळी त्यावरची भर.

या पट्ट्यातली माणसं जिथे जातात तिथलं हवामान आमच्या टेबलावर येतं, हे तोवर लक्षात आलं नव्हतं. जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळ ओमानवर गेलं. अरबी समुद्रातलं वादळ आपल्याकडे येईल म्हणून आम्ही बातम्या बघत होतो, ते वळून मस्कतला गेलं. तिथे पाऊस म्हणजे अप्रूप. कोरड्या ओढ्यांत वसवलेल्या वस्त्या पाण्यात गेल्या. रुवी आणि घला इथल्या चर्चमध्ये आमची बरीच मुलं जातात, तिथे मोठी मिस्सा शुक्रवारी असते कारण सुट्टी शुक्रवारची. फोन लागत नव्हते. आया कचेरीत येऊन बसायच्या. मी करणार काय? पण कोणाचा मेसेज आला की तो सगळ्यांना मिळायला एक ठिकाण हवं होतं, ते आमचं झालं. एकाने सांगितलं, "रुवीच्या हॉलमध्ये झोपलोय, बरोबर आपल्या इथले चार जण आहेत." चार घरांत चहा झाला.

२०१७ हे साल मी विसरणार नाही. २५ ऑगस्टला हार्वे नावाचं चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आदळलं आणि पुढे न सरकता तिथेच घोटाळलं; ह्यूस्टनवर दिवसेंदिवस कोसळत राहिलं. अंबरनाथला शाळा शिकलेली एक नर्स तिथे नवरा आणि दोन मुलांसह राहते. इकडे २९ ऑगस्टला मुंबई बुडाली, सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर. तिचे वडील सीएसएमटीला रात्रभर अडकलेले, तिची आई माझ्या टेबलासमोर, आणि ती स्वतः शेजाऱ्याच्या वरच्या मजल्यावर. बाप-लेक एकमेकांची काळजी करत होते आणि दोघांचे निरोप आईमार्फत जात होते. पाणी ओसरल्यावर आठवड्याने तिचा मला फोन, "आंटी, सगळे पेपर गेले. बाप्तिस्म्याचा, लग्नाचा, मुलांचाही." मुलांचे तिथलेच होते, ते तिथल्या चर्चने दिले. तिचा माझ्याकडे होता, २००५च्या पाण्यातून वाचलेल्या पानावर, बॉलपेनने लिहिलेला. दाखला तयार करून कुरियर केला.

त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर ओखी चक्रीवादळ आलं. ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळून गेलं तेव्हा शेकडो बोटी खोल समुद्रात होत्या. आमच्या तमिळ मिस्सेला येणाऱ्यांत कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तुत्तूर भागातली काही घरं आहेत. तिथले मच्छीमार दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस समुद्रात राहतात आणि बऱ्याचदा केरळच्या बंदरांतून बोटी काढतात. शनिवारी, २ डिसेंबरला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी जाहीर केलं की ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागले आहेत, त्यांतल्या ६६ बोटी केरळच्या आणि दोन तमिळनाडूच्या. बोटी देवगड बंदरात आहेत असं कळलं आणि तासाभरात कचेरीत पंधरा माणसं. "अक्का, देवगड किती लांब? तुमची भाषा आहे ना तिथे?"

देवगड आम्हाला रात्रभराच्या अंतरावर. पण भाषा माझी होती, आणि माझ्या नणंदेचे एक दीर तिकडे नोकरीला. भाऊजींना फोन लावला. ते भले माणूस, वही घेऊन बंदरावर गेले आणि नावं उतरवू लागले. पण तमिळ नाव मालवणी कानाने ऐकून देवनागरीत लिहिलेलं, ते फोनवर मला वाचून दाखवायचं आणि मी ते तमिळ बाईला उच्चारून सांगायचं. शिवाय सगळे अँथनी, झेवियर, येसुदास, मायकल. एकाच बोटीत तीन अँथनी. थोड्या वेळाने आम्ही नावं सोडली. मी म्हटलं, "भाऊजी, बोटीचं नाव, नंबर आणि गावाचं नाव तेवढं विचारा." मग गाडी रुळावर आली. त्यांनी बोट सांगितली की इकडून बाया गावाकडे फोन लावायच्या, आणि गाव सांगायचं त्या बोटीवर कोण कोण होतं. दुपारपासून रात्री उशिरापर्यंत हेच. समोरच्या हॉटेलवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

आमच्याकडच्या एका बाईचा भाऊ त्यात सापडला. भाऊजींनी त्याला फोन दिला, तो काही बोललाच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. बहीण मात्र त्याला शिव्या घालत होती. दुसऱ्या घरातल्या नवऱ्याची बोट देवगडला नव्हती, लक्षद्वीपला नव्हती, कुठेच नव्हती. पुढच्या मंगळवारी ओखी आपल्या किनाऱ्याजवळ आलं म्हणून मुंबई-ठाण्याच्या शाळांना सुट्टी दिली, डिसेंबरात पाऊस पडला, आणि लोक म्हणाले की वादळ टळलं. त्या बाईला ते कसं सांगणार?

अशा माणसाची नोंद कशी करायची हा कचेरीचा प्रश्न आहे. मृत्यूच्या वहीत लिहायला दफनाची तारीख हवी. कायदा साधारणपणे सात वर्षं बेपत्ता असलेल्यालाच मृत धरतो. सरकारी मदत त्याआधी मिळू शकते. चर्चमध्येही केवळ काळ लोटला म्हणून कोणाला मृत ठरवता येत नाही. मृत्यूची खात्री पटावी लागते, तेव्हा धर्मप्रांताकडून तसा निर्णय येतो आणि तोवर बायको पुन्हा लग्न करू शकत नाही. त्याच्यासाठी मिस्सा झाली, फोटो ठेवला, सगळे रडले. वहीत मात्र ओळ नाही. त्याचा बाप्तिस्मा आमच्याकडचा नव्हता, लग्न आमच्याकडचं होतं. मी लग्नाच्या नोंदीपुढे पेन्सिलने 'ओखी, २०१७' एवढं लिहून ठेवलंय. नियमात ते बसत नाही हे मला माहीत आहे.

पुढच्या ऑगस्टमध्ये केरळचा महापूर. साडेचारशेहून अधिक माणसं गेली, कोची विमानतळ पंधरा दिवस बंद, ओणमचे कार्यक्रम रद्द. या वेळी आमचं लॅटिन चर्च आणि सिरो-मलबार चर्च पहिल्यांदा एका टेम्पोत सामान भरत होतं. चादरी, सॅनिटरी पॅड, ओआरएस, औषधं. जुने कपडे घेणार नाही असं आम्ही दारावर लिहिलं होतं, तरी साड्यांचे गठ्ठे आलेच. आणि परदेशातली मुलं विचारू लागली, पैसे कुठे पाठवू?

इथे माझ्या कामाचा सर्वांत अवघड भाग सुरू होतो. विदेशी अंशदान विनियमन कायद्याप्रमाणे, नागरिकत्व बदललेल्या माणसाने दिलेली देणगी ही विदेशी ठरते, मग तो अंबरनाथच्या छाया रुग्णालयात जन्मलेला का असेना. भारतीय पासपोर्टवर तिकडे नोकरी करणाऱ्याने आपल्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत पाठवले तर ते विदेशी धरत नाहीत. म्हणून ज्या पोराला मी कॅटेकिझमच्या वर्गात शेंबूड पुसताना पाहिलं, त्याला फोनवर विचारायचं, "बाळा, पासपोर्ट कोणता?" काहींना राग येतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर तर विदेशी देणगी फक्त नोंदणी असलेल्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतल्या खात्यातच येऊ शकते. आमच्यासारखी छोटी कचेरी त्या फंदात पडत नाही. नोंदणी असलेल्या संस्थांचा पत्ता देते आणि हात जोडते. परदेशी पैशांवर चर्च चालतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या रविवारच्या पेटीतली चिल्लर मोजायला यावं.

२७ जुलै २०१९ला पाणी पुन्हा आमच्या दारात आलं. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात उभी राहिली, हे देशभर दिसलं. नौदल, एनडीआरएफ, गावकरी यांनी होड्यांतून सगळ्यांना सुखरूप काढलं, बदलापूरच्या मंगल कार्यालयात जेवू घातलं आणि खास गाडीने कोल्हापूरला पाठवलं. बदलापूरकरांचं कौतुक झालं ते योग्यच. पण त्याच दिवशी बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, वालिवली, बॅरेज रोड भागात तळमजले पाण्याखाली होते, तिकडे कॅमेरा उशिरा गेला. आमचे युवक सकाळी प्रवाशांसाठी चहा-बिस्किटं घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेत आपल्याच लोकांच्या जिन्यात थांबले.

मला त्या दिवशी राग आला तो नदीचा नव्हे. उल्हास नदीची बदलापूरची इशारा पातळी १६.५० मीटर, धोक्याची १७.५०, हे आकडे फळ्यावर असतात. पूररेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. मुंबईतून घर विकून आलेल्या माणसाला फ्लॅट दाखवताना स्टेशन किती मिनिटांवर ते सांगतात, रेषा कुठे आहे ते सांगत नाहीत. आमच्या चर्चची वाढ ज्या इमारतींत झाली त्यांतल्या काहींच्या तळमजल्यावर मी दोनदा चिखल काढायला मदत केली आहे. नव्याने नाव नोंदवायला कुटुंब आलं की पत्ता लिहिताना मी आता सरळ विचारते, "कितवा मजला?" त्यांना वाटतं लिफ्टसाठी विचारतेय. तळमजला असेल तर सांगते, नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा असतो, बघून या, आणि जुलैत कागदपत्रं वरच्या मजल्यावर कोणाकडे तरी ठेवा.

मग करोना आला, मिस्सा फोनवर आली, आणि कुवेतमधली मुलगी आणि बदलापूरची आई एकाच वेळी एकच मिस्सा बघू लागल्या. जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडला धडकलं तेव्हा लॉकडाऊन होता. अलिबागकडच्या ओळखीच्या घरांचे पत्रे उडाले, पण कोणी जाऊ शकलं नाही. पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं आणि बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला. त्या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी मी एकेका आठवड्याने लिहायचे, रोज लिहायला धीर होत नव्हता.

आता सगळ्या वह्या स्कॅन झाल्या आहेत, प्रत दुसऱ्या शहरात ठेवली आहे, मूळ वह्या पहिल्या मजल्यावर नेल्या आहेत. शेऱ्याचा रकाना मात्र अजून हातानेच भरावा लागतो, आणि तो निम्म्याहून अधिक कोरा आहे. मुलं तिकडे लग्न करतात, तिकडची कचेरी कधी कळवते, कधी पत्ता जुना असतो, कधी चर्चचं नाव चुकतं आणि पत्र 'अंबरनाथ, गुजरात' फिरून येतं. मग दहा वर्षांनी पोरीच्या कम्युनियनसाठी किंवा व्हिसासाठी धावपळ होते आणि सगळं एका रात्रीत हवं असतं.

तेव्हा ज्यांच्या घरातलं कोणी उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या कुठल्याही चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊन बाहेरगावी, बाहेरदेशी गेलं आहे, त्यांनी एवढं करावं: लग्न झालं असेल तर ज्या चर्चमध्ये झालं तिथून नोंद इकडे पाठवली का ते विचारून घ्यावं, नसेल तर लग्नाच्या दाखल्याची प्रत बाप्तिस्म्याच्या तारखेसह पाठवावी, आणि पत्त्यात पिनकोड नक्की लिहावा. कचेरी सकाळी साडेनऊ ते साडेबारा आणि संध्याकाळी पाच ते साडेसात उघडी असते. सोमवारी बंद.